खदानीचा आवाज घरापर्यंत येतो तेव्हा



आजचा विषय आहे दगडाच्या खदानीचा आवाज. पुण्याकडचे श्रोते म्हणतील खाण, नागपूर-रायपूरकडचे म्हणतील खदान. तुमच्याकडची खडी इकडे गिट्टी होते. मी आज उदाहरण रायपूरचं घेणार आहे, म्हणून खदान आणि गिट्टी हेच शब्द वापरतो. वाघोली, मोशी किंवा बेळगावच्या आसपास राहणाऱ्यांनी आपल्या गावाचं नाव घालून ऐकावं. फार काही बदलणार नाही. एक फरक मात्र आहे, तो पुढे सांगतो.

रायपूरच का? छत्तीसगड राज्य 1 नोव्हेंबर 2000 ला झालं आणि रायपूर राजधानी बनलं. तेव्हापासून इथे बांधकाम थांबलेलं नाही. नवा रायपूर उभं राहिलं, रस्ते, उड्डाणपूल, कॉलन्या झाल्या. या सगळ्याला गिट्टी लागते आणि ती इथेच जमिनीखाली आहे, कारण रायपूरचा बराचसा भाग चुनखडीच्या थरांवर बसलेला आहे. मंदिर हसौद, आरंग, तिल्दा या बाजूंना खदानी आणि क्रशर आहेत. गिट्टी वजनाला जड आणि किमतीला हलकी, त्यामुळे ती लांबून आणणं परवडत नाही आणि खदान शहराजवळच राहते. शहर वाढतं तसं घर आणि खदान यांच्यातलं अंतर कमी होत जातं. कुठे खदान गावाजवळ आली, कुठे कॉलनी खदानीजवळ गेली. भांडण सुरू झाल्यावर दोन्ही बाजू म्हणतात, आम्ही आधी होतो.

आज मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. खदानीचा आवाज हा एक आवाज नसतो. ते पाच-सहा वेगळे आवाज असतात आणि प्रत्येकाचं कारण आणि उपाय वेगळा असतो. "आवाज बंद करा" ही मागणी कोणत्याही साहेबाच्या टेबलावरून पुढे सरकत नाही. "जाळी आणि क्रशरला तीन बाजूंनी पत्रे लावा आणि रात्री दहानंतर बंद ठेवा" ही मागणी सरकते. दुसऱ्या प्रकारची मागणी करायला थोडी माहिती लागते, ती आज घेऊ.

डेसिबलचं थोडं गणित

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. या मापाची बेरीज आपल्या नेहमीच्या बेरजेसारखी नसते. 80 डेसिबलचं एक यंत्र चालू आहे, शेजारी तसंच दुसरं सुरू केलं, तर आवाज 160 होत नाही, 83 होतो. अशी दहा यंत्रं लावली तर 90 होतो. याचा उलटा अर्थ महत्त्वाचा आहे. दोन क्रशरपैकी एक बंद करून घेतला तर तुम्हाला 3 डेसिबलचाच फायदा होतो आणि तो कानाला जेमतेम जाणवतो. आवाज निम्मा झाल्यासारखा वाटायला साधारण 10 डेसिबल कमी व्हावे लागतात.

दुसरं गणित अंतराचं. एका जागी चाललेल्या यंत्राचा आवाज, मोकळ्या जमिनीवर, अंतर दुप्पट झालं की साधारण 6 डेसिबलने उतरतो. समजा, क्रशरपासून 100 मीटरवर 70 डेसिबल आहे. 200 मीटरवर 64, 400 मीटरवर 58, 800 मीटरवर 52.

आता कायद्याचे आकडे शेजारी ठेवा. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, 2000 प्रमाणे निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. दिवस म्हणजे सकाळी 6 ते रात्री 10. हे आकडे एका क्षणाचे नसून ठरावीक वेळेतल्या सरासरीचे आहेत. आपल्या उदाहरणातला क्रशर 400 मीटरवर दिवसाची मर्यादा ओलांडतो. 800 मीटरवर दिवसा नियमात बसतो, पण रात्री चालवला तर तिथेही बसत नाही. म्हणजे तेच यंत्र आणि तेच घर असलं तरी वेळ बदलली की नियमाचा भंग होतो. म्हणून वेळेचा प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा.

कोणता आवाज कशाचा

पहिला सुरुंगाचा, म्हणजे ब्लास्टिंगचा. हा काही सेकंदांत संपतो, पण तक्रारी सगळ्यात जास्त याच्याच असतात, कारण घर हादरतं. यात दोन गोष्टी येतात. जमिनीतून येते ती कंपनं. हवेतून येतो तो दाब, आणि त्याचा बराचसा भाग कानाला ऐकूही येत नाही इतक्या खालच्या पट्टीचा असतो. खिडक्यांच्या काचा खडखडतात त्या बहुतेक वेळा हवेच्या दाबाने. लोकांना वाटतं जमीन हलली.

उपाय काय? सगळ्या भोकांतली दारू एकदम उडवायची नाही, मिलिसेकंदांच्या अंतराने एकेक भोक उडवायचं. याला डिले म्हणतात. घराला बसणारा धक्का एकूण किती दारू भरली यापेक्षा एका क्षणी किती उडाली यावर जास्त अवलंबून असतो. खाणकामात यासाठी एक ढोबळ सूत्र वापरतात: घराचं अंतर निम्मं झालं तर एका वेळी उडणारी दारू चौथाईवर आणायची. दुसरी काळजी म्हणजे भोकाचं तोंड बारीक गिट्टीने नीट ठासून बुजवणं. ते ढिलं राहिलं तर स्फोटाची ताकद दगड फोडण्याऐवजी हवेत जाते. मालकाचंही त्यात नुकसानच असतं. तिसरी काळजी मोठ्या धोंड्यांची. धोंड्यावर उघडी दारू ठेवून, वर चिखल थापून तो फोडायची जुनी पद्धत सगळ्यात कर्कश असते. वस्तीजवळ धोंडा फोडायला मशीनचा ब्रेकर वापरावा.

दुसरा आवाज याच ब्रेकरचा आणि ड्रिलचा. पोकलेनला लावलेला ब्रेकर ठक-ठक-ठक करत तासन्‌तास चालतो. सुरुंग टाळला की हा आवाज वाढतो, हे मान्य करावं लागेल. ठोक्याचा आवाज सलग आवाजापेक्षा जास्त त्रास देतो, म्हणून त्याला वेळ ठरवून द्यावी आणि तो खड्ड्याच्या तळाशी चालवावा. ब्रेकरला आवाज दाबणारं वेष्टण असलेली मॉडेलं बाजारात मिळतात.

तिसरा क्रशर आणि जाळीचा. दिवसभर घरघर ऐकू येते ती ही. त्यात दगड चिरडण्याचा आवाज असतोच, पण लोखंडी जाळीवर दगड नाचण्याचा आणि लोखंडी घसरणीवर दगड पडण्याचा आवाजही तितकाच मोठा असतो. इथे उपाय स्वस्त आणि हमखास आहेत. लोखंडी जाळीच्या जागी रबराची किंवा पॉलियुरेथेनची जाळी. घसरणीला आतून रबर, त्यासाठी जुना कन्व्हेयर पट्टासुद्धा चालतो. दगड पडण्याची उंची कमी करणं. धुळीसाठी क्रशरला पत्र्याचं आच्छादन लावायला लागतंच, त्याच पत्र्याला आतून अस्तर दिलं आणि फटी बुजवल्या तर आवाजालाही अटकाव होतो. नुसता सैल पत्रा मात्र स्वतःच वाजतो.

चौथा हायव्यांचा, म्हणजे गिट्टी वाहणाऱ्या मोठ्या डंपरांचा. शहरात दिवसा जड वाहनांना प्रवेशबंदी असते, त्यामुळे गाड्या रात्री भरतात आणि पहाटे निघतात. खदान रात्री बंद आणि गाड्या रात्रभर चालू, असं यातूनच घडतं. रिकामी गाडी खड्ड्यात आदळली की मागचा लोखंडी डाला दणकन वाजतो. रस्त्याचे खड्डे बुजवणं, वेग कमी ठेवणं आणि वस्तीबाहेरून वाट देणं एवढ्यावर यातला बराच भाग सुटतो. गाड्यांची रांग घरांसमोर न लावता खदानीच्या आत लावायला सांगावं.

पाचवा आवाज लहान वाटतो, पण झोप तोच मोडतो. गाडी मागे घेतानाचा टीं-टीं भोंगा. तो एकसुरी असल्यामुळे बाकीच्या गोंगाटातून वेगळा निघतो आणि लांब जातो. कामगारांच्या जिवासाठी तो हवाच, बंद करा असं कधीही म्हणू नका. पण टीं-टींऐवजी फस्स-फस्स असा पसरट आवाज करणारे भोंगे मिळतात. जवळच्या माणसाला ते नीट ऐकू येतात आणि लांब गेल्यावर विरून जातात. आतली वाट गोलाकार आखली तर गाडीला मागे घ्यायची गरजच कमी पडते.

सहावा जनरेटरचा आणि पाणी उपसणाऱ्या पंपाचा. 1000 केव्हीएपर्यंतच्या डिझेल जनरेटरला एक मीटरवर 75 डेसिबलची मर्यादा आहे, म्हणून ते बंद पेटीत येतात. पेटीची दारं उघडी टाकून जनरेटर चालवला तर त्या पेटीचा उपयोग नाही. अशा वेळी एक फोटो पुरेसा असतो.

सपाट जमिनीचा फायदा

मघाशी म्हटलेला फरक आता सांगतो. सह्याद्रीकडे खाण म्हणजे बहुतेक वेळा डोंगराचा कापलेला कडा. यंत्रं उंचावर असतात आणि गाव पायथ्याशी, त्यामुळे आवाज अडवायला मध्ये काही नसतं. उलट कडा मागून आवाज परतवतो. रायपूरची जमीन भाताच्या खाचरांची, सपाट. इथे खदान म्हणजे खड्डा, आणि तो जसा खोल जातो तशी त्याची भिंत आवाजाच्या आड येते.

पण बऱ्याचदा क्रशर वरच, जमिनीवर, रस्त्याच्या कडेला असतो. सोय होते आणि पावसाळ्यात तो पाण्यात जात नाही. अगदी खाली नाही तरी निदान पहिल्या पायरीवर, गावाकडच्या भिंतीच्या आडोशाला ठेवला तर पुष्कळ फरक पडतो. नियम सोपा आहे. यंत्र दिसायचं बंद झालं की साधारण 5 डेसिबल कमी होतात. आडोसा आणखी उंच आणि भरीव असला तर 10 ते 15 पर्यंत. आडोसा एकतर यंत्राच्या जवळ असावा किंवा घराच्या जवळ. मधोमध उभारलेल्या भिंतीचा उपयोग सगळ्यात कमी.

हा आडोसा फुकटात करता येतो. खदानीच्या हद्दीच्या आत साडेसात मीटरची पट्टी न खोदता सोडावी लागते आणि तिच्यावर झाडं लावायची असतात. खदान उघडताना वरची माती आणि मुरूम काढावाच लागतो. तो गावाच्या बाजूच्या पट्टीवर बांधासारखा रचला आणि त्यावर झाडं लावली तर आवाजाची भिंत तयार. नंतर खदान भरताना तीच माती कामाला येते. पण ही पट्टीच खोदून टाकली असेल तर बांध घालायला जागा उरत नाही. म्हणून आपल्या शेजारच्या खदानीत ही पट्टी जागेवर आहे का, हे आधी बघा.

झाडांबद्दल एक गैरसमज आहे. दोन-तीन ओळी झाडांनी आवाज अडत नाही. दहा-वीस मीटर दाट झाडीतून एखाद-दुसरा डेसिबल कमी होतो, एवढंच. झाडं धुळीसाठी लावा, सावलीसाठी लावा. आवाजासाठी माती, भिंत किंवा खड्डा लागतो. "आम्ही झाडं लावली आहेत" हे उत्तर आवाजाच्या तक्रारीवर पुरेसं नाही.

आणि घराच्या बाजूने? परदेशी पुस्तकं सांगतात, दुहेरी काचेच्या खिडक्या लावून त्या बंद ठेवा. रायपूरच्या मे महिन्यात हे कसं करणार? इथे घरोघरी कूलर असतो, आणि कूलर चालायला खिडकी-दार उघडं लागतं. म्हणून आपल्या हवामानात आवाज उगमापाशीच कमी करावा लागतो. घरात फार तर झोपायची खोली खदानीच्या विरुद्ध बाजूला न्यावी. नवीन बांधत असाल तर त्या बाजूला जिना, न्हाणीघर आणि कोठीची खोली ठेवावी.

हिवाळ्यात खदान जवळ आल्यासारखी वाटते, तो भास नसतो. थंडीच्या रात्री जमीन लवकर गार होते, वरची हवा तुलनेने उबदार राहते आणि वर गेलेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो. म्हणून डिसेंबर-जानेवारीतली पहाटेची मोजणी मे महिन्यातल्या दुपारच्या मोजणीपेक्षा जास्त भरते. मोजणी मागताना महिना आणि वेळ सांगून मागा.

कायदा काय देतो

2000 च्या नियमांत तक्रारीची तरतूद आहे. ठरलेल्या मर्यादेपेक्षा आवाज 10 डेसिबल किंवा जास्त असेल तर कोणीही नागरिक तक्रार करू शकतो. म्हणजे निवासी भागात दिवसा 65, रात्री 55. शाळा, रुग्णालय आणि न्यायालय यांच्याभोवतीच्या 100 मीटरच्या शांतता क्षेत्रात मूळ मर्यादा आणखी कमी, दिवसा 50 आणि रात्री 40.

सर्वोच्च न्यायालयाने 18 जुलै 2005 च्या निकालात आवाजापासून सुटका हा जगण्याच्या हक्काचा, म्हणजे घटनेच्या कलम 21 चा, भाग मानला. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2016 मध्ये तेच ठासून सांगितलं. ते प्रकरण उत्सवांतल्या लाउडस्पीकरचं होतं, पण नियम तेच आहेत. डीजेचा आवाज मोजायला अधिकारी येऊ शकतात तर क्रशरचाही मोजायला येऊ शकतात.

घराला तडे गेले असतील तर वेगळा नियम. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या 1997 च्या परिपत्रकात कंपनांची मर्यादा दिलेली आहे. खदानमालकाच्या मालकीच्या नसलेल्या घरांसाठी, कंपनं 8 हर्ट्‌झपेक्षा कमी असतील तर सेकंदाला 5 मिलिमीटर, 8 ते 25 हर्ट्‌झमध्ये 10 आणि त्यावर 15. मोजायला खास यंत्र लागतं, ते खदानमालकाने किंवा खात्याने आणायचं असतं. तुम्ही एवढंच करा: तड्यांचे तारखेसह फोटो काढून ठेवा आणि तड्यावर आडवी बारीक काचपट्टी चिकटवा. तडा वाढला तर काच फुटते. तडा कशामुळे वाढला हे त्यावरून ठरत नाही, पण वाढतोय एवढं ठरतं.

अंतर किती हवं, हा प्रश्न नेहमी येतो. केरळमध्ये 50 मीटरचा नियम होता. त्यावरच्या प्रकरणात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सुरुंग असेल तर 200 आणि नसेल तर 100 मीटर असं सुचवलं, आणि जुलै 2020 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ते उचलून धरलं. पुढे प्रकरण वरच्या न्यायालयांत गेलं. राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत, म्हणून आपल्या राज्याचा नियम आणि त्या खदानीच्या परवानगीत लिहिलेलं अंतर, हेच धरून चाला.

कागद आधी, तक्रार नंतर

2012 मध्ये दीपक कुमार विरुद्ध हरियाणा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पाच हेक्टरपेक्षा लहान खदानींनाही पर्यावरण मंजुरी लागेल. त्यामुळे आज प्रत्येक खदानीमागे एक फाईल असते. त्यात गाव, शाळा आणि रुग्णालय किती अंतरावर आहे हे लिहिलेलं असतं. छत्तीसगडमध्ये सहसा ग्रामपंचायतीचं ना-हरकत पत्र आणि 500 मीटरच्या आतल्या इतर खदानींबद्दल खनिज शाखेचा दाखलाही जोडलेला असतो. मंजुरीच्या पत्रात आवाज, सुरुंग आणि झाडांच्या पट्टीच्या अटी असतात, आणि त्या पाळल्याचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यायचा असतो.

यातलं बरंच काही केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर सापडतं. नाही सापडलं तर माहितीचा अधिकार आहेच, दहा रुपये आणि तीस दिवस. तीन कागद मागा: पर्यावरण मंजुरी, छत्तीसगड पर्यावरण संरक्षण मंडळाची क्रशरसाठीची संमती आणि शेवटचा सहामाही अहवाल. महाराष्ट्रात संमती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून असते.

मग नोंदवही घाला. पंधरा दिवस रोज तारीख, वेळ, कोणता आवाज, किती वेळ, वारा कुठून. मोबाइलच्या ॲपचा आकडा पुरावा म्हणून टिकत नाही, पण फरक दाखवायला चालतो. क्रशर चालू असताना आणि बंद असताना एकाच जागी, एकाच फोनने मोजा. अधिकारी मोजायला आले की यंत्र तुमच्या अंगणात ठेवायला सांगा आणि क्रशर बंद ठेवूनही एकदा मोजायला सांगा. त्याशिवाय रस्त्याचा आवाज किती आणि खदानीचा किती, हे कळत नाही.

तक्रार कुठे? आवाजासाठी पर्यावरण मंडळाचं क्षेत्रीय कार्यालय. खोदकामाच्या हद्दीसाठी कलेक्टर कार्यालयातली खनिज शाखा. कंपनांसाठी खाण सुरक्षा महासंचालनालय. रोजचा उपद्रव थांबत नसेल तर उपविभागीय दंडाधिकारी. पूर्वी फौजदारी संहितेचं कलम 133 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 152. याच जुन्या 133 खाली सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये रतलामच्या नगरपालिकेला गटारं बांधायला लावली होती. एक अर्ज, एक विषय. चार विषय एका अर्जात घातले की प्रत्येक कार्यालय तो दुसऱ्याकडे ढकलतं.

शेजार टिकवायचा आहे

खदानीजवळच्या सगळ्यांनाच खदान बंद व्हावी असं वाटत नाही. कोणाचा मुलगा हायवा चालवतो, कोणाचं क्रशरसमोर चहाचं दुकान आहे. आणि या आवाजाच्या सगळ्यात जवळ उभा असतो तो तिथला मजूर. खाणकामात आठ तासांसाठी 85 डेसिबलला इशारा आणि 90 ला धोका मानतात. कानाला प्लग न लावता जाळीजवळ वर्षानुवर्षं काम करणाऱ्याचं ऐकणं हळूहळू जातं आणि गेलेलं परत येत नाही. रबराची जाळी लागली तर गावाची झोप वाचते आणि त्या माणसाचे कानही वाचतात. गावाने मागणी लिहिताना मजुरांनाही विचारावं. कोणतं यंत्र खरं ओरडतं, हे त्यांना पक्कं माहीत असतं.

म्हणून पहिली बैठक खदानीवर जाऊन, दिवसा घ्या आणि एका कागदावर चार गोष्टी मागा: सुरुंगाची ठरलेली वेळ आणि आदल्या दिवशी निरोप, रात्री दहा ते सकाळी सहा यंत्रं आणि गाड्या भरणं बंद, गावाच्या बाजूला मातीचा बांध, जाळी आणि घसरणीला रबर. मालकाने सही केली तर उत्तम. नाही केली तर तोच कागद, नोंदवही आणि मंजुरीच्या अटी जोडून अर्ज करा. मागणी किती वाजवी होती, हे त्या फाईलीतच दिसेल.